युनायटेडच्या हारण्यावर 'संयम' हे औषध नव्हे

टिळकवाडी_स्टॉपर
शनिवारी, २७ सप्टेंबर २०२५ ला, ब्रेंटफर्डनं आपल्या मँचेस्टर युनायटेडला ३-१ नं धुतल्यापासून बेळगावातल्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरायलाय: "फर्ग्युसनलाही साडेतीन वर्षं ट्रॉफी नव्हती. अमोरिमला वेळ द्या. रडणाऱ्यांनी दुसरी टीम बघावी." फर्ग्युसन म्हणजे आपला जुना कोच, अमोरिम आत्ताचा. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

६ मॅच, ७ गुण. ७ गोल मारले, ११ खाल्ले. आर्सेनलकडून ०-१, मँचेस्टर सिटीकडून ०-३, आता हे. मधे लीग कपात चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीनं पेनल्टीवर १२-११ नं घरी पाठवलं. मागच्या सीझनला ४२ गुण आणि पंधरावा नंबर होता, म्हणजे ही 'सुरुवात' गेल्या नोव्हेंबरात अमोरिम आल्यापासूनच चालू आहे.

वेळ द्यायचा तो सुधारणाऱ्याला. इथं तीच चूक दर आठवड्याला दिसते. ३-४-२-१ म्हणजे मागं तीन सेंटर-बॅक, मग चौघं (मधे दोन, कडेला दोन विंगबॅक), पुढं दोन दहा नंबरवाले आणि टोकाला एक स्ट्रायकर. म्हणजे मैदानाच्या मधोमध दोघंच, ब्रुनो आणि बहुतेक कासेमिरो. समोरच्याचे तिथं तिघं. तिसऱ्याला कोण धरणार? सेंटर-बॅक पुढं सरकला की त्याच्यामागं भगदाड पडतं. दोन दहा नंबरवाल्यांपैकी एक आत आला की त्यांचा फुलबॅक मोकळा. त्या फुलबॅकवर विंगबॅक गेला की बाहेरचा सेंटर-बॅक विंगरसमोर एकटा. कुठूनही ओढा, चादर अपुरीच. ब्रुनो तिथं बॉल काढण्यात अर्धी मॅच घालवतो आणि शेवटचा पास द्यायला कोणी उरत नाही. तरुण मिडफिल्डर कोबी मेनूला लीगमधे अजून एकदा सुरुवातीपासून उतरवलेलं नाही. आणि कोच म्हणतो, पोप आला तरी पद्धत बदलणार नाही!

खानापूर_विंगबॅक
काय ओ, सगळं खापर आकड्यांवर? क्रिस्टल पॅलेस हेच ३-४-२-१ खेळतं. मे महिन्यात वेम्बलीवर सिटीला १-० हरवून एफए कप नेला. त्यांच्याही मधे दोघंच होते की. फरक एवढाच की त्यांच्या कोचचे, ग्लासनरचे, दहा नंबरवाले बॉल गेल्यावर आधी आत मिटतात, बाहेर पळत नाहीत. समोरच्याच्या तिसऱ्या मिडफिल्डरकडं जाणारा पासच बंद होतो. बचावाची आणि मधली ओळ जवळजवळ राहते. आपल्या दोन ओळींत बस वळेल एवढी जागा. दोष अंतराचा आहे, आकड्याचा नव्हे.

आणि ब्रुनोच्या दोन पेनल्टी? फुलहॅमला बारवरून, ब्रेंटफर्डला त्यांच्या गोलकीपरच्या, केलेहरच्या, हातात. फुलहॅमची आत गेली असती तर १-१ चं काय झालं असतं? आर्सेनलपेक्षा जास्त शॉटही आपणच मारले होते.

टिळकवाडी_स्टॉपर
शॉट मोजून गुण मिळत असते तर आपण वर असतो. पॅलेसच्या दोघांत व्हार्टन आहे, पळणारे पाय आहेत. आपल्या दोघांच्या वयाची बेरीज ६० च्या वर. अंतर वाढतं ते त्यामुळंच, कारण मधले परत येईपर्यंत बॉल पुढं गेलेला असतो.

शहापूर_गोली
तुम्ही दोघं मिडफिल्डवर भांडत बसा. गोल कसे गेले ते बघितलं काय? आर्सेनलचा गोल: राइसचा कॉर्नर सहा यार्डात, त्यांचा सलिबा गोलकीपरला चिकटून उभा, आपला गोलकीपर बायिंदिर एका हातानं बॉल उडवायला गेला, कालाफिओरीनं जवळजवळ रेषेवरून हेड मारला. ब्रेंटफर्डचा दुसरा: बायिंदिरनंच शाडेचा क्रॉस बाहेर ढकलायच्या ऐवजी मधे ढकलला, थिआगोच्या पायात.

आत वळणाऱ्या कॉर्नरला तीन गोष्टी लागतात. एक आपला बचावपटू गोलकीपर आणि त्याला अडवणाऱ्याच्या मधे, किक पडायच्या आधीपासून. एक जवळच्या पोस्टला. आणि गोलकीपरनं रेषेपासून पाऊलभर पुढं, गर्दीत झेलायचं नाही, दोन्ही मुठींनी बाजूला मारायचं, मधे कधीच नाही. यात ३-४-२-१ कुठं आलं? लॅमेन्स हा नवा गोलकीपर आणून बाकावर बसवलाय, त्यावर कोणी बोलत नाही.

खानापूर_विंगबॅक
ब्रेंटफर्डचा पहिला गोलही सांगा की. हेंडरसनचा लांब बॉल, आपला सेंटर-बॅक मॅग्वायर ऑफसाइड काढायला एकटाच पुढं सरकला. लाइन एकानं काढायची नसते. पास देणाऱ्यावर दाब नसेल तर ऑफसाइडच्या नादाला लागायचंच नाही, सगळ्यांनी मागं पळायचं.

टिळकवाडी_स्टॉपर
दाब का नव्हता? कारण मधे माणूस नव्हता. धन्यवाद, माझंच म्हणणं सिद्ध केलंत.

वडगाव_९
मॅंचेस्टरची सुरुवात वाईट म्हणून एवढं रडणं! आपल्या आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) तर सुरुवातच नाही. फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्यांचा करार ८ डिसेंबरला संपतोय, नवा नाही, म्हणून सीझन लटकलाय. ऑगस्टात बेंगळुरू एफसीनं पगार थांबवले. त्यावर ग्रुपवर एक ओळ नाही.

निपाणी_डावा_पाय
बेंगळुरूचं आम्हाला काय? ५०० किलोमीटर लांब. त्यापेक्षा कोल्हापूर गाठा. शाहू स्टेडियमला पाटाकडील विरुद्ध दिलबहार ही तालमींची मॅच बघा, मग सांगा फुटबॉल कशाला म्हणतात. अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, कोल्हापूरचाच.

वडगाव_९
पेठेची ईर्ष्या म्हणजे फुटबॉल नव्हे. मॅचपेक्षा गॅलरीतली हाणामारी जास्त गाजते.

निपाणी_डावा_पाय
ईर्ष्या नाही म्हणून तर तुमची आयएसएल बंद पडली. तालमीला फेडरेशनचा करार लागत नाही.

कॅम्प_गल्ली_१०
बेळगावची टीम एफसी गोवाच. सुपर कप जिंकून एशियाच्या स्पर्धेत गेली. पहिली मॅच अल-झवराकडून ०-२ हरली खरी, पण २२ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर अल-नसर येणार. त्यांचा रोनाल्डो, युनायटेडचा जुना खेळाडू, आला तर? युनायटेडवाल्यांनी तरी बघावं!

वडगाव_९
कर्नाटकात राहून गोवा? आणि बेंगळुरूचं नाव काढलं की तोंड वाकडं. सीमाप्रश्न इथंही आणला काय?

कॅम्प_गल्ली_१०
सीमाप्रश्न तुम्हीच आणला. मी अंतर बघतो. मडगाव तीन-चार तासांवर.

खानापूर_विंगबॅक
चोर्ल्यानं जाऊ नका मात्र. जांबोटी-कणकुंबी करून उतरलात की साखळीला पोचता, म्हणजे उत्तर गोव्यात, परत फोंड्याला वळून यायचं. फातोर्ड्याला अनमोड बरा: रामनगर, मोले, फोंडा, बोरीचा पूल, मडगाव. परतीला घाटात धुकं आणि मालाचे ट्रक, ते धरून वेळ काढा. आणि २२ ला पाडवा आहे, घरी काय सांगायचं ते आधी ठरवा.

निपाणी_डावा_पाय
रोनाल्डो येत नाही. लिहून घ्या.

टिळकवाडी_स्टॉपर
धागा युनायटेडचा होता, आठवतंय काय कोणाला?

वडगाव_९
युनायटेडचंच सांगतो. २०२२-२३ ला बेंगळुरूची सुरुवात याहून वाईट होती, कोच ग्रेसनला काढा म्हणून ओरड. शेवटच्या ८ लीग मॅच ओळीनं जिंकून चौथे आले, फायनलला पोचले, मोहन बागानकडून पेनल्टीवर हरले. मागं तिघंच होते, तुमच्यासारखे. पण ३-५-२, म्हणजे मधे तीन: जावी, सुरेश, रोहित. पद्धत तीच ठेवून एक माणूस मधे टाकला की भागतं.

टिळकवाडी_स्टॉपर
सुरुवात हारून जिंकलेले आम्हालाही ठाऊक आहेत. १९९२-९३ ला पहिल्या दोन्ही मॅच हारून युनायटेडच चॅम्पियन झालं. पण तेव्हा नोव्हेंबरात कँटोनाला आणलं, संयम धरून बसले नव्हते. चेल्सीचा कोच कोंतेही तेच: २०१६ ला आर्सेनलकडून ०-३ खाल्ल्यावर ३-४-३ केलं आणि ओळीनं १३ जिंकले. बदलला म्हणून जिंकला!

खानापूर_विंगबॅक
३-४-३ कडं बदलला हो, ३-४-३ कडं! मधे दोघंच, कांते आणि मातिच. स्वतःच्याच गोलात मारलात.

टिळकवाडी_स्टॉपर
कांते दोन माणसांएवढा पळायचा, म्हणजे ते तिघंच झाले.

शहापूर_गोली
आता गणितही बदला. शनिवारी साडेसातला सुंदरलंड आहे, ओल्ड ट्रॅफर्डवर. लॅमेन्सला उतरवला आणि गोल खाल्ला नाही तर मिडफिल्डचं पुराण बंद करणार काय?

टिळकवाडी_स्टॉपर
सुंदरलंडसमोर शून्य गोल खाल्ले म्हणून पुराण बंद? बरं, गोलकीपरपुरतं तुमचं खरं धरतो, तेही कॉर्नरपुरतं. त्यानंतर लिव्हरपूल आहे, ॲनफिल्डवर. तिथंही मधे दोघंच ठेवले तर याच धाग्यावर या.