जिंकणाऱ्या संघालाच आपण इतकं का बोलतो? लेकीच्या एका वाक्यामुळे विचारतोय

गोदाकाठ, सिडको, नाशिक

नमस्कार मंडळी. बेसबॉल कळत नसेल तरी वाचा. क्रिकेट बघणाऱ्या घरांतही हेच चालत असणार.

मी अंबडला कंपनीत आहे. पुतण्या लॉस एंजेलिसला नोकरीला लागला, पहिल्या सुट्टीत येताना माझ्यासाठी निळी टोपी घेऊन आला आणि तेव्हापासून तिथला बेसबॉल संघ डॉजर्स आमच्या घरात शिरला तो शिरलाच. तिकडची रात्रीची मॅच आपल्याकडे सकाळी साडेसात-पावणेआठला सुरू होते. दुसरी पाळी असली की चहा आणि मोबाइल, पहिली असली की कंपनीच्या बसमध्ये नुसता स्कोअर. लेक नववीत आहे. माझ्या शेजारी बसून बघता बघता तिलाच गोडी लागली. आता ती शाळेच्या संघात शॉर्टस्टॉपला खेळते, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. जमिनीवरून सुसाट येणारे चेंडू तिथेच जास्त येतात.

आमचा चाळीसेक जणांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, काही नाशिकचे, काही पुण्याचे, काही तिकडे कॅलिफोर्नियात. नवा माणूस गटात आला तर त्याला वाटेल, हा संघ वर्षानुवर्षं मार खातोय. प्रत्यक्षात २०२२ ला १६२ पैकी १११ सामने जिंकले, २०२३ ला १००. दोन्ही वर्षी बाद फेरीत लगेच बाहेर पडले, ते दुखणं मला समजतं. २०२२ ला ज्या सॅन डिएगोने आम्हाला घरी पाठवलं तो संघ साखळीत आमच्या २२ विजयांनी मागे होता! पण २०२४ ला आम्ही वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडची अंतिम मालिका, जिंकली आणि २०२५ ला परत जिंकली. यांकीजनी १९९८ ते २००० सलग तीनदा जिंकली, त्यानंतर लागोपाठ दोनदा कुणालाच जमलं नव्हतं. २ नोव्हेंबरच्या सकाळी टोरांटोविरुद्ध सातवा सामना. सगळा वेळ मागे होतो किंवा बरोबरीत, आणि अकराव्या इनिंगमध्ये (एरवी नऊच असतात) विल स्मिथच्या होमरनने, म्हणजे कुंपणापलीकडे मारलेल्या चेंडूने, पहिल्यांदा पुढे गेलो, ५-४. सामना संपला, मी डोळे पुसतोय, तर गटावर तिसराच मेसेज: 'संघ म्हातारा झालाय, पुढच्या वर्षी काही खरं नाही.'

त्याआधी जुलैमध्ये सलग सात हरले, त्यात ४ जुलैला घरच्या मैदानावर १८-१. तेव्हा तर मॅनेजरला हाकला, अर्धा संघ बदला, अशीच भाषा होती. त्यात माझेही मेसेज होते.

आता मूळ गोष्ट सांगतो. ६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. वाकडी बारवेपासूनची मिरवणूक बघून आम्ही मध्यरात्रीनंतर घरी आलो. दुसऱ्या दिवशी रविवार, तरी पहाटे उठलो, कारण बाल्टिमोरला आमचा यामामोतो पिचिंग करत होता, म्हणजे चेंडू टाकत होता. पाय दुखत होते, केसांत अजून गुलाल होता. लेकही उठून आली. आणि तो काय टाकत होता! नववी इनिंग, दोन बाद, आणि तोपर्यंत समोरच्यांना एकही हिट नाही, म्हणजे चेंडू मारून कुणी बेसवर पोचलेलंच नाही. फक्त एक बाद हवा होता. समोर जॅक्सन हॉलिडे. त्याने उंच मारलेला चेंडू थोडक्यात कुंपणापलीकडे गेला. तरी ३-१ ने पुढे होतो. यामामोतोला बाहेर काढलं, नंतरच्या पिचरांना तो एक बाद काही काढता आला नाही आणि आम्ही ४-३ ने हरलो. मी मोबाइल सोफ्यावर आपटला. लेक म्हणाली, 'पप्पा, पण तो किती भारी टाकत होता.' मी म्हणालो, 'भारी टाकून काय उपयोग?'

विसरूनही गेलो होतो. मागच्या रविवारी हिरावाडीच्या क्रीडा संकुलाजवळ तिची दुसऱ्या शाळेशी सराव मॅच झाली. ९-४ ने जिंकल्या. तिने दोन चेंडू असे अडवले की समोरच्या शाळेच्या पालकांनीही टाळ्या वाजवल्या. दोन एररही झाले तिच्याकडून, एक चेंडू हातातून निसटला, एक थ्रो पहिल्या बेसच्या डोक्यावरून गेला. गाडीवर परत येताना गप्प. द्वारकेच्या सिग्नलला मी विचारलं, उसाचा रस प्यायचा का, तर नुसती मान हलवली. घरी आल्यावर बाल्कनीत बसून काडीने बुटाच्या स्पाइक्समधली माती काढत होती. मी म्हणालो, 'आज भारी खेळलीस गं.' मान वर न करता म्हणाली, 'भारी खेळून काय उपयोग? दोन एरर झालेच ना.'

माझंच वाक्य, माझ्याच सुरात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून विचारतो. हरणाऱ्या संघाचे चाहते चिडतात ते कळतं, पण जिंकणाऱ्यांचे का इतके कडू होतात? आणि घरात शिरलेली ही सवय बाहेर कशी काढायची? कुणी पालक, कुणी शिक्षक असाल तर अनुभवाचं सांगा.

---

पीटीचे सर, नाशिकरोड

गोदाकाठ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी शाळेत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवतो, बरीच वर्षं झाली.

आमचा संघ पहिल्यांदा एक सामना जिंकला तेव्हा एका पालकांनी पेढे वाटले होते. चार वर्षांनी तालुक्यात पहिले आलो, अंतिम सामना ११-६. त्याच पालकांनी मला गेटवर गाठून विचारलं, 'सर, सहा रन दिलेच कसे?' माणूस वाईट नाही हो. पण जिंकण्याची सवय झाली की जिंकणं खात्यात आधीच जमा धरलं जातं. मग विजयाचा आनंद नवा येत नाही, फक्त वजाबाकी दिसते.

बेसबॉलमध्ये हे जास्त बोचतं, कारण हा खेळच अपयश मोजत बसतो. बोर्डावर तीन रकाने असतात: रन, हिट आणि एरर. क्रिकेटच्या फलकावर सुटलेला झेल कुठे दिसतो? इथे चूक सगळ्या मैदानाला दिसेल अशी टांगलेली असते. २०२५ ला दोन्ही लीगमध्ये मिळून हिटची सर्वांत जास्त सरासरी अ‍ॅरन जजची, .३३१. जगातला एक नंबरचा बॅटर, आणि तीनपैकी दोनदा हिट नाही! तुमचे डॉजर्स त्या वर्षीचे विजेते, पण साखळीत ९३ जिंकले आणि ६९ हरले. एकोणसत्तर सकाळी तुमचा चहा कडू झाला. ही एकोणसत्तर धरूनच तो संघ विजेता आहे, हे मुलांना मी पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहून दाखवतो.

घरासाठी एक उपाय सुचवतो, माझ्याकडे लागू पडलेला. स्कोअरबुक हातात घ्या. मोबाइलवर नको, कागदावर, पेन्सिलीने. प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग आउटफिल्ड ७, ८, ९. तुमच्या लेकीने चेंडू उचलून पहिल्या बेसला दिला की त्या चौकटीत ६-३ लिहायचं. तिने दुसऱ्या बेसला आणि तिथून पहिल्याला असे दोघे बाद झाले तर ६-४-३. चूक झाली तर ए६. मी सगळ्यात जास्त ओरडणाऱ्या बापाच्या हातात वही देतो. दोन इनिंगमध्ये आवाज बंद होतो, कारण प्रत्येक चेंडू नीट बघावा लागतो. आणि घरी गेल्यावर वहीत दोन ए६ शेजारी सात-आठ वेळा ६-३ दिसतं. ते तोंडाने कितीही सांगा, मुलांना खरं वाटत नाही. आपल्याच बापाच्या अक्षरात दिसलं की वाटतं.

---

बागाईतदार, निफाड

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

कुरकुर करणारे सगळेच कडू नसतात. आमच्या द्राक्षात मागच्या हंगामात माल एक नंबर गेला म्हणून यंदा गोडी छाटणीला ढिलाई चालत नाही. बागेत रोज जाऊन पानाखाली बघणारा माणूस निराशावादी नसतो, त्याचा जीव तिथे असतो. डॉजर्सचं म्हणाल तर २०२५ ला शेवटच्या इनिंगमधले पिचर कच्चे होते हे चाहते जुलैपासून ओरडत होते आणि ते खोटं नव्हतं. म्हणून तर सातव्या सामन्यात सामना सुरू करणारेच पिचर एकामागून एक आणावे लागले, ओहतानी, ग्लासनाउ, स्नेल, आणि आदल्याच दिवशी सहा इनिंग टाकलेला यामामोतो परत आला. अपेक्षा ठेवणारे चुकीचे होते असं मी तरी म्हणणार नाही.

फक्त माणूस मोडेल असं बोलू नये. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक हुर्यो उडवण्यात अमेरिकेत प्रसिद्ध. २०२३ च्या हंगामासाठी तिथल्या संघाने ट्रे टर्नरला ११ वर्षांचा, ३० कोटी डॉलरचा करार देऊन आणला आणि त्याची बॅटच चालेना. महिनोन् महिने लोक वैतागलेले. मग ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी तो बॅटिंगला आला तेव्हा त्याच प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, काहीही करून दाखवलेलं नसताना. त्यानंतर गडी असा खेळला की बस. अपेक्षा त्यांनी सोडली नव्हती, पण त्या दिवशी पाठीवर हात ठेवला. तुम्ही गट सोडू नका, तिथे एखादा टाळ्या वाजवणारा असू द्या.

---

कॉलेज रोडची

गोदाकाठ दादा, तुमच्या २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आपल्या मुलींची क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल होती, आठवतं ना? त्याच मुली ऑक्टोबरमध्ये सलग तीन सामने हरल्या तेव्हा आमच्या सोसायटीच्या गटावर काय काय लिहिलं लोकांनी! 'हातातली मॅच घालवतात', 'यांना दडपण झेपत नाही'. इंग्लंडविरुद्ध जेमिमाला बाहेर बसवलं होतं. मग सेमीफायनलला ऑस्ट्रेलियासमोर ३३९ चा पाठलाग आणि तिच्या नाबाद १२७. सामन्यानंतर ती रडत रडत सांगत होती की या दौऱ्यात ती जवळजवळ रोज रडली आहे. मी टीव्हीसमोर उभी होते, हातातली पोळी तशीच राहिली. आपण लिहितो ते वाचणारं कुणीतरी असतं.

मी कॉलेजात खो-खो खेळायचे. हरून आले की वडील फक्त विचारायचे, 'कुठे लागलं का?' जिंकून आले तरी तेच. तेव्हा वाटायचं, यांना खेळातलं काही कळत नाही. आता कळतं, त्यामुळेच मी सहा वर्षं खेळले.

सरांची वही चांगलीच आहे. पण वहीच्या आधी तिला तोंडाने सांगा, की त्या सकाळी मी जे बोललो ते चुकीचं होतं. नववीतल्या मुलीला इशाऱ्यांत सांगितलेलं पोहोचत नाही, सरळ सांगितलेलं पोहोचतं.

---

गोदाकाठ, सिडको, नाशिक

सगळ्यांचे आभार. बागाईतदार भाऊ, राग कसला, तुमचं पटलं. गट सोडलेला नाही. काल एकाने परत पिचिंगच्या वयावरून सुरू केलं, तेव्हा मी २८ ऑक्टोबरच्या, टोरांटोविरुद्धच्या तिसऱ्या सामन्याची आठवण टाकली: अठरा इनिंग, पहाटे साडेपाचला सुरू झालेली मॅच दुपारी बाराच्या पुढे संपली, आणि त्यात बाराव्या इनिंगला तिन्ही बेस भरलेले असताना निवृत्त व्हायला निघालेल्या कर्शॉने येऊन तो एक बाद काढला. पाच-सहा जणांनी आपापली त्या सकाळची हकीकत लिहिली. एक जण नाशिक-पुणे बसमध्ये होता, एक दवाखान्यात आईजवळ.

ताई, तुमचं ऐकलं. शनिवारी रात्री जेवण झाल्यावर लेकीला म्हणालो, 'यामामोतोच्या मॅचला मी जे बोललो ना, ते चुकीचं होतं. तो भारीच टाकत होता.' ती म्हणाली, 'मला माहितीये. फायनलला तुम्ही त्याच्यासाठीच रडत होतात.' एवढंच. पण मग खूप वेळ माझ्याजवळ बसून राहिली.

रविवारी वही घेऊन गेलो. पेन्सिल, खोडरबर सगळं. सर, पहिल्या इनिंगला माझी फार धांदल उडाली, दोन चौकटी रिकाम्याच राहिल्या. पण चौथ्या इनिंगला लेक दुसऱ्या बेसच्या मागे पळत गेली, चेंडू ग्लोव्हमध्ये घेतला आणि अर्धी वळून फेकला, ते मी पूर्ण बघितलं. एरवी मी 'लवकर फेक' म्हणून ओरडत असतो, त्यामुळे तिचा डावा पाय आधीच वळलेला असतो हे मला इतक्या दिवसांत दिसलंच नव्हतं. ६-३ लिहिताना हात थरथरत होता. मॅच ६-५ ने हरल्या.

घरी आल्या आल्या तिने वही मागितली. सगळी पानं वाचली आणि पाचव्या इनिंगवर बोट ठेवलं. तिथे मी ए६ लिहिलंय. ती म्हणते, चेंडू तिच्या डाव्या बाजूच्या खड्ड्याला लागून उसळला आणि खांद्यावरून गेला, तो एरर नाही, बॅटरचा हिट आहे. मी म्हणतोय ग्लोव्ह खाली होता. अर्धा तास झाला, ताटं वाढलेली आहेत. सर, तुम्हीच सांगा.

---

पीटीचे सर, नाशिकरोड

खड्ड्याला लागून वेडावाकडा उसळला असेल तर हिट. खोडा.