पीएचडीनंतर आणखी दोन वर्षं कशाला? : आरोग्य, विषमता आणि पोस्टडॉक

कोरडवाहू :
परवा 'पीएचसीवाला' यांनी इथे टाकलेली पोस्ट बऱ्याच जणांनी उचलून धरली. मजकूर थोडक्यात असा : आरोग्यातली विषमता कळायला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं प्रशिक्षण) लागत नाही, एक वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात काढा, डोळे उघडतात. पीएचडी झाल्यावर पुन्हा दोन-तीन वर्षं सरकारी पैशावर 'प्रशिक्षण' घेणं म्हणजे नोकरी टाळणं. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही म्हणून वेगळा धागा काढतेय. लांबेल, आधीच सांगते.

मी बीडच्या केज तालुक्यातली. आजी-आजोबा कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. माझी पीएचडी आमच्याच भागातल्या बायकांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांवर. पाहणी केली डिसेंबर-जानेवारीत. एका वस्तीवर ४१ घरांपैकी १८ घरांपुढे 'घर बंद' असा शेरा पडला. नियमाप्रमाणे तीनदा गेले, तिन्ही वेळा कुलूप. ती घरं वगळली आणि उरलेल्यांची टक्केवारी काढली. गाईडनी सही केली, तोंडी परीक्षेत कुणी विचारलं नाही, नावामागे डॉक्टर लागलं.

पोस्टडॉकच्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या मार्गदर्शक बाईंनी ती यादी समोर ठेवली. प्रत्येक 'घर बंद'भोवती पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, "ही माणसं कुठे आहेत?" मला माहीत होतं हो! दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात. लहानपणी एक आख्खा हंगाम मी आजीसोबत कोपीत, उसाच्या फडावरच्या झोपडीत, काढलाय. आणि माझ्याच प्रबंधात ती माणसं 'मिळाली नाहीत' म्हणून गळली. मागे गावात कोण उरतं? म्हातारी माणसं, नोकरदार, ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते. मी काढलेली टक्केवारी त्यांची होती. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

पुढची दोन वर्षं मी हेच शिकले. गळालेल्यांचा अंदाज कसा बांधायचा, फडावर जाऊन कसं आणि कधी विचारायचं, आणि जात, जमीन, उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) ही तीन कारणं एकमेकांत गुंतलेली असताना कुणाचा वाटा किती हे कसं वेगळं काढायचं. पीएचसीत वर्ष काढून हे येत नाही. तिथे समोर येतो तो दवाखान्यापर्यंत पोचलेला माणूस.

आणि सरकारी पैसा म्हणाल, तर तो मिळवताना काय होतं तेही ऐका. एका ठिकाणी माझा अर्ज 'यात समाजशास्त्र जास्त आहे' म्हणून परत आला, दुसऱ्या ठिकाणी 'यात वैद्यक जास्त आहे' म्हणून. अकरा महिने बिनपगारी गेले.

पीएचसीवाला :
माझ्यावरच धागा काढलाय, तर उत्तर देणं भाग आहे. मी अकरा वर्षं मेडिकल ऑफिसर आहे, त्यातली सहा आदिवासी भागात. जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० मध्ये काम सुरू केलं, ते गावातल्या बायकांना शिकवून. गडचिरोलीत बंग दांपत्यानं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, जगानं त्याची दखल घेतली. यातल्या कुणी पोस्टडॉक केलं होतं?

बीडचंच घ्या. २०१९ मध्ये आधी बातम्या आल्या, मग सरकारी समितीनं पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हे मोजलं आशांनी, आरोग्यसेविकांनी. जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, तीही प्रशासनानं केली. तुमची मंडळी पेपर लिहायला नंतर आली.

क्लाइडकाठ :
डॉक्टर, दाखले तुमच्या अंगावर उलटताहेत. आरोळे आणि बंग, दोघंही दांपत्यं बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आलेली. गडचिरोलीचं काम 'लॅन्सेट'नं छापलं ते तळमळीसाठी नाही. ३९ गावांत काम केलं आणि तुलनेसाठी ४७ गावं शेजारी ठेवून मोजली, म्हणून. ही शिस्त शिकावी लागते.

पीएचसीवाला :
मान्य, शिकून आले. पण ती मास्टर्सची पदवी, पोस्टडॉक नव्हे. आणि शिकून लगेच गावात आले, ग्लासगोत बसले नाहीत. तुम्ही कधी येताय?

क्लाइडकाठ :
जाहिरात निघाली की येतो. चार वर्षांत माझ्या विषयाची कायम पदाची एकच जाहिरात पाहिली, तीही रद्द झाली. इथे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत मी काय पाहतो ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या अहवालात याच शहराचा दाखला आहे : कॅल्टन भागातल्या मुलाचं अपेक्षित आयुष्य ५४ वर्षं, थोड्या अंतरावरच्या लेन्झीत ८२. दवाखाने दोन्हीकडच्यांना फुकट. तरी २८ वर्षांचा फरक. म्हणजे दवाखाना दिला की विषमता मिटते हे गृहीतकच टिकत नाही. मग मिटते कशानं, ते शोधायला माणसं लागतात, आणि ती दोन वर्षांच्या कंत्राटावर तयार होत नाहीत.

काईवर्ग :
या सगळ्यात एक गोष्ट कुणी बोलत नाही. मी संख्याशास्त्रात पीएचडी, मग आरोग्य विषमतेवर तीन वर्षं पोस्टडॉक. मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (सामाजिक आरोग्य) विभागात मला जागा कोणती? स्टॅटिस्टिशियन. एमबीबीएस नाही, म्हणजे विभागप्रमुख होणं नाही. एमडीच्या मुलांचे प्रबंध मी बसून नीट करायचे, नमुना किती घ्यायचा ते मी सांगायचं, आणि नाव आभारात. एका वर्षी नऊ प्रबंध केले. एकानं नंतर पेपर छापला, त्यात आभारातही नाव नव्हतं. पोस्टडॉक हवं की नको हा पुढचा प्रश्न. झालेल्यांना तुम्ही डॉक्टर लोक दाराच्या आत तरी घेणार का?

पीएचसीवाला :
हा राग माझ्यावर का? मी मेडिकल कॉलेजात नाही.

काईवर्ग :
कारण 'पीएचसीत वर्ष काढा' या वाक्यात आम्ही नाहीच. आम्हाला पीएचसीत कोण घेणार? तुमच्या लेखी आरोग्य म्हणजे फक्त डॉक्टर.

सातबारा :
माझं सरळ मत. पैसा लोकांचा आहे, हिशोब द्या. २०२३ च्या नागपूर अधिवेशनात पीएचडी करून काय दिवे लावणार असा सवाल झाला तेव्हा सगळे तुटून पडले, पण हा प्रश्न गावागावात विचारला जातो. माझ्या भावानं पीएचडी केली, ३७ वर्षांचा आहे, तासिका तत्त्वावर शिकवतो. आईची औषधं मी आणतो.

कोरडवाहू :
सातबारादादा, तुमच्या भावाला तासिकेवर ठेवलंय ही त्याची चूक आहे का? प्राध्यापकभरती रखडते त्याचा जाब शिकणाऱ्याला का विचारता? माझ्याही आईनं त्या अकरा महिन्यांत शेजाऱ्यांना 'पोरगी सुट्टीवर आलीय' असं सांगितलं. तिला ते सांगावं लागलं याचा मला अजून त्रास होतो.

वस्तीवरची_आशा :
अवांतर आहे, पण लिहिते. वर डॉक्टरसाहेब म्हणाले, मोजलं आशांनी. हो, आम्हीच मोजलं. आणि तुम्ही जे संशोधक येता ना ताई, त्यांनाही घरोघर आम्हीच नेतो. गेल्या वर्षी एका संस्थेचे चौघं आले, नऊ दिवस मी त्यांच्यासोबत फिरले. माझी लसीकरणाची यादी राहिली, तिचा मोबदला बुडाला. त्यांनी मला शेवटच्या दिवशी एक पिशवी आणि पेन दिला.

आणि एक सांगते. त्यांच्या टॅबमध्ये प्रश्न होता, 'गर्भाशय का काढलं?' खाली कारणांची यादी, एकच निवडायचं. सासू शेजारी बसलेली. ती बाई 'त्रास होता' एवढंच म्हणाली, पोरानं त्यावर टिक केली आणि पुढं गेला. मी संध्याकाळी हापश्यावर तिला गाठलं. तेव्हा म्हणाली, "पाळीत खाडा पडतो, मुकादम पाचशे कापतो, डॉक्टर म्हणाला पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल, आणि नवरा म्हणाला उचल फिटायचीय, काढून टाक." चार कारणं. टॅबमध्ये एक गेलं, तेही खोटं. शाळा माझी बारावी. मला कुणी पोस्टडॉक दिलं नाही.

पीएचसीवाला :
बघा. हेच मी म्हणत होतो. या ताईंनी एका संध्याकाळी जे काढलं ते तुमच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणातून निघालं नाही.

कोरडवाहू :
डॉक्टर, त्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. तो टॅबवाला पोरगा पोस्टडॉक नव्हता, रोजावर घेतलेला होता. प्रश्नावली बनवणाऱ्याला हापशावर काय बोललं जातं हे ठाऊक असतं तर 'एकच निवडा' आलं नसतं. ते ठाऊक करून घेणं हेच प्रशिक्षण.

आशाताई, नऊ दिवसांचा मोबदला तुम्हाला मिळायला हवा होता. यात पण-बिण काही नाही.

वस्तीवरची_आशा :
मग तुमच्या वेळी ज्या आशा फिरल्या त्यांना काय दिलं होतं?

कोरडवाहू :
पीएचडीत काहीच नाही. चहा. पोस्टडॉकमध्ये दिवसाला तीनशे, कारण अर्जातच तशी तरतूद केली होती. तीनशे कमी आहेत हे मलाही कळतं.

क्लाइडकाठ :
इकडे वस्तीतले लोक संशोधनात सल्ला द्यायला बसतात, त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळतं. प्रश्नावली आधी त्यांच्यापुढे जाते.

काईवर्ग :
तिकडचं तिकडे. इथे आशांना त्यांच्या हक्काच्या मोबदल्यासाठी संप करावा लागतो, २०२३-२४ मध्ये दोनदा करावा लागला. मानधन देऊ म्हणणाऱ्या संशोधकाला हिशोब विभाग विचारतो, 'आशा तर सरकारी आहे, वेगळे पैसे कशाला?' मी ती फाईल सात महिने फिरवली आहे.

सातबारा :
म्हणजे आशा सरकारी, आणि पगार मागितला की स्वयंसेविका. हे मात्र चीड आणणारं आहे. माझी वहिनी आशा आहे. रात्री दोनला बाळंतिणीला घेऊन जाते, आणि सहा महिन्यांनी पैसे येतात.

पीएचसीवाला :
मोबदल्याची बिलं मीच काढतो, त्यामुळे बोलतो. उशीर वरून होतो. पण तुम्ही संशोधक आशेला परस्पर उचलून नेता, मला एक फोन करत नाही, आणि महिनाअखेरीला तिचं लसीकरण कमी दिसलं की मेमो माझ्या सहीनं जातो. गेल्या वर्षी असा मेमो मी काढलाय. वरचं वाचल्यापासून डोक्यात तेच घोळतंय.

वस्तीवरची_आशा :
मला पण आला होता मेमो. असू द्या.

एक विचारते, त्या चौघांनी जे लिहिलं ते कुठे मिळेल? त्या बाईनं मला दोनदा विचारलं, "माझं काय लिहिलं गं?"

कोरडवाहू :
त्यांचं मला माहीत नाही. माझे दोन पेपर आहेत, दोन्ही इंग्रजीत. सर्वांना वाचायला खुले ठेवण्यासाठी पैसे भरले होते, मला फार अभिमान होता. आता हे लिहिताना लक्षात येतंय की ज्या वस्तीवर ४१ घरं आहेत तिथे ते एकालाही वाचता येणार नाहीत. दोन वर्षांच्या प्रशिक्षणात हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हे डॉक्टरांच्या बाजूनं मांडा हवं तर.

पीएचसीवाला :
मांडतो. आणि तुमच्या बाजूचं एक : आमच्या सर्वेक्षण रजिस्टरातही 'घर बंद' असाच शेरा असतो. अकरा वर्षांत मी कधी विचारलं नाही की बंद म्हणजे कुठे. या महिन्यापासून पुढे लिहायला सांगेन, कारखाना आणि मुकादम. त्यासाठी पोस्टडॉक लागतंच असं अजूनही मी म्हणणार नाही.

काईवर्ग :
रकान्यात परतीचा महिनाही घ्या. नाहीतर पुन्हा मलाच बसून दुरुस्त करावं लागेल.

कोरडवाहू :
आशाताई, दोन्ही पेपरांचं मराठी मी या महिन्यात करते. छापून पाठवत नाही, घेऊन येते. मंदिरापुढे बसून वाचू. बायकांना जे चूक वाटेल ते तिथेच लिहून घेईन.

वस्तीवरची_आशा :
या. मंदिरापुढे नको, तिथे पुरुष बसतात, बायका बोलणार नाहीत. अंगणवाडीत दुपारी तीनला. आणि दसऱ्याच्या आत या. नंतर परत कुलपंच दिसतील.