मदत हवी आहे: आईसोबत एका दिवसात पायी ब्रूज

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात ब्रुसेल्सहून सकाळच्या ट्रेनने ब्रूजला जातोय, संध्याकाळी परत. सोबत आई आहे. तिला चालायची हौस दांडगी, पण गुडघे दुखतात. स्टेशनवरून मिन्नेवॉटर तळं, १२४५ साली स्थापन झालेलं बेगिनहोफ (बेगिन नावाच्या धार्मिक स्त्रियांची जुनी वसाहत), मग चर्च ऑफ अवर लेडीमधलं मायकेलअँजेलोचं संगमरवरी मॅडोना शिल्प आणि शेवटी मार्क्ट चौक, असा क्रम ठरवलाय. ते शिल्प आईला दाखवायचंच आहे. बाकी काही सुटलं तरी चालेल. त्या चौकातल्या घंटाघराच्या ३६६ पायऱ्या मी एकटा चढेन. तेवढा वेळ तिला जवळपास निवांत कुठे बसता येईल? दगडी फरसबंदीवर कसे बूट बरे पडतात? आणि कालव्यातली बोट सकाळीच घ्यावी की दुपारी, पाय थकल्यावर? नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.