गावची ग्रामपंचायत, ग्रामसभा, बाजार: तुमचे अनुभव लिहा

माळावरची:
काल चुलत भावाचा फोन, नगरपंचायतीची घरपट्टीची नोटीस आलीये, हरकतीची मुदत संपत आली, तुझी सही लागंल. आमचं तालुक्याचं गाव, काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. फोन ठेवला आणि जुनी ग्रामसभाच डोळ्यापुढं आली. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या, शिपाईमामा रजिस्टर घेऊन सह्या गोळा करत फिरतायत कारण कोरम भरायचाय. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. तेवढीपण यायची नाहीत, मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून महत्त्वाचे ठराव नेमके तेव्हाच व्हायचे. वडील त्याही सभेला जायचे आणि जमाखर्च वाचून दाखवा म्हणून उभे राहायचे. भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, वैतागायचे पण वाचायचे. आता १७ प्रभाग, १७ नगरसेवक, वर मुख्याधिकारी. ग्रामसभा नाही. साध्या माणसाने उभं राहून हिशेब विचारायची जागाच गेली, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्याकडे काय? चांगलं वाईट सगळं लिहा.

खडीवाला_नातू:
ग्रामसभेचं सोडा, रोजगार हमी गेली ना आमची. ती योजना ग्रामीण भागासाठी, गाव शहरात धरलं की जॉबकार्ड बंद, त्यातून होणाऱ्या विहिरी, शेततळी पण बंद. गाव तेच, रान तेच, भुईमूग काढायला तीच माणसं. आमची आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तिथं सुकडी (मजुरांना वाटायचे तो कोरडा खाऊ) मिळायची ती घरी पोरांना आणायची. त्या कामांतूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला, देशाने नंतर उचलला. आणि आज तिच्याच गावात हक्काचं काम मागता येत नाही. राग येतो.

सुमी:
+१ खडीवाला. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

देशमुखीण_बाई:
दुसरी बाजू पण लिहा की. आमच्याकडे नगरपंचायत झाल्यावर आगीचा बंब आला, रोज घंटागाडी येते, मेन रोडला गटार झालं. आधी गंजी पेटली की जिल्ह्याहून बंब येईस्तोवर राख. घरपट्टी वाढली हे खरंय पण सेवा हवी तर पैसे लागणारच, ग्रामपंचायतीची निम्मी वसुली थकलेली असायची.
@माळावरची हरकत लेखीच द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून आलात तर कुणी धरत नाही.

माळावरची:
@देशमुखीण_बाई हो, भावाला लगेच कळवते. बंबाचं पटलं.

वॉलची_चावी:
माझी आई ग्रामपंचायतीत महिला राखीव जागेवर सदस्य होती, तेव्हा एक तृतीयांश आरक्षण होतं, २०११ पासून निम्मं झालं. सुरुवातीला लोक घरी येऊन वडिलांशीच बोलायचे, आई चहा करायची. मग उन्हाळ्यात शेवटच्या आळीला पाणीच पोचेना. आई पहाटे उठून पाणी सोडणाऱ्या काकांबरोबर गेली, ती लांब दांड्याची टी सारखी चावी असते ना, ती घेऊन एकेक वॉल स्वतः बघितला, वरच्या आळीत किती आटे फिरवतात ते मोजलं, वहीत लिहिलं. पुढच्या मासिक सभेत वहीच टेबलावर ठेवली. त्यानंतर लोक दारात येऊन ‘काकू आहेत का’ विचारायला लागले. गुडघ्यांनी बेजार आहे आता, पण पाण्याचा विषय निघाला की खुर्चीतून उठते.

सुमी:
काकूंना नमस्कार सांगा 🙏 खरंच डोळ्यात पाणी आलं.

बाजारची_पोर:
आठवडी बाजाराचं कुणी लिहिलंच नाही!! ग्रामपंचायतीचं मोठं उत्पन्न तेच तर असायचं, दरवर्षी बाजारकराचा लिलाव, जो ठेका घेईल तो गोणपाटागणिक पावती फाडायचा. आमची आजी मेथीच्या जुड्या घेऊन बसायची, विक्री व्हायच्या आधीच पावतीवाला हजर, आजी पावती कनवटीला खोचायची कारण दुसरा येऊन परत मागायचा. पावसाने बाजार उठला तरी पैसे माघारी नाहीत. आणि उठताना मला गोडीशेव घेणारच.

पुणेरी_पाव्हणा:
गोडीशेव!! आमच्याकडे गुडीशेव म्हणतात, गुळाची ना? इथं मिळते तिला ती चव नाही.

बाजारची_पोर:
हो गुळाचीच, कागदाच्या पुडीत. कोल्हापूरकडे आलात तर सांगा, पत्ता देते.

रानवाट:
हिवरे बाजारला अभ्यास सहलीत गेले होते. तिथं ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस किती पडला त्यावर कुठली पिकं घ्यायची ते ठरतं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. तिथले सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांना २०२० ला पद्मश्री मिळाली ते सगळ्यांना माहीत आहे, पण मला लक्षात राहिली ती तिथली बाई, भांडी घासता घासता यंदा किती पाऊस झाला ते मिलिमीटरमध्ये सांगत होती.

मांडवीकाठ:
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे सरपंच थेट लोक निवडत नाहीत, पंच निवडतात, त्यामुळे अविश्वास ठराव आला की सरपंच बदलतो. पण ग्रामसभा रविवारी असते आणि डोंगर कापायचा विषय असला की लोक चर्चमधून, देवळातून थेट सभेला येतात, हॉलमध्ये उभं राहायला जागा नसते. महाराष्ट्रात हल्ली थेट सरपंच आहे ना? मध्ये बंद केलेलं वाटतं.

वॉलची_चावी:
@मांडवीकाठ २०१७ ला थेट सुरू झालं, २०२० ला बंद, २०२२ पासून परत थेट. आईच्या वेळी सदस्यांतूनच निवडायचे, निवडीच्या आधी सदस्य सहलीला नेऊन ठेवायचे ते वेगळंच प्रकरण, रात्री लिहिते, आता पोरांना क्लासला सोडायचंय.