वॉर्डबाहेरची नर्सिंग: पाळी खरंच आपल्या हातात येते का?

रातराणी
वॉर्ड सोडला की "नर्सिंग सोडलं" असं म्हणतात, ते मला पटत नाही. फोनवरचं ट्रायज (कोणाला किती तातडीने डॉक्टरकडे पाठवायचं ते ठरवणं), केस मॅनेजमेंट (एकेका पेशंटच्या उपचारांचा पाठपुरावा), विम्याच्या क्लेमची तपासणी, क्लिनिकल ट्रायलचं काम, इन्फेक्शन कंट्रोल, ही नर्सचीच कामं आहेत. बऱ्याच ठिकाणी पाळी निवडता येते, काही कामं घरून होतात. आणि नाईटचा त्रास म्हणजे नाजूकपणाची तक्रार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रातपाळीचं काम 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. मग चाळिशीतल्या नर्सने वेळेची सोय बघून काम बदललं तर बिघडलं कुठे? ज्यांना जमतंय त्यांनी खुशाल जावं.

जुनी_इन्चार्ज
असहमत. जाणारी जाते, तिचे पेशंट उरलेल्यांच्या गळ्यात पडतात. अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांच्या गटाचा २००२ चा अभ्यास आठवा, ऑपरेशन झालेल्या पेशंटवरचा. दर नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याचा संभव साधारण ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. शिवाय वॉर्डबाहेर नवखीला कोणी घेत नाही, अनुभवी लागते. शिरेत कॅन्युला (सलाईनची बारीक नळी) लागेना की जिला हाक मारायची, नेमकी तीच जाते. नव्या मुलींनी शिकायचं कुणाकडून?

ब्रदर
ताई, तुमचं खरं आहे, पण माणसं का जातात तेही लिहा. रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, आदल्या रात्री ग्रुपवर पडतं. मागितलेला ऑफ कापलेला असतो. नाईट उतरून हँडओव्हर देतोय तोवर "दुपारी येशील का" सुरू. हे थांबलं तर निम्मे लोक वॉर्डातच राहतील.

जुनी_इन्चार्ज
रोस्टर मी लावते, माणसं मी भरत नाही. जागा रिकाम्या ठेवणाऱ्यांना विचारा.

ओवी
मी फोन ट्रायज करते, म्हणून दोन्हीकडचं थोडं थोडं. काम बिनहाताचं आहे, बिनडोक्याचं नाही. आईचा फोन येतो, बाळाला ताप आहे, औषध किती देऊ? आधी वय विचारायचं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर, की "घरी बघा" हा पर्यायच उरत नाही, लगेच डॉक्टरकडे पाठवायचं. मग फोन बाळाच्या तोंडाजवळ धरायला सांगते. श्वासागणिक कण्हल्यासारखा आवाज येतोय का, तो कानांनीच पकडावा लागतो. छातीला हात लावायची सोय नाही. वॉर्डात अशी बाळं पाहिली नसती तर तो आवाज ओळखता आला नसता.

आता 'फ्लेक्झिबल'चं. कॉल रेकॉर्ड होतात, एका कॉलला किती वेळ लागला ते मोजतात, हेडसेट काढून उठलं तरी स्क्रीनवर दिसतं. आणि जाहिरातीतली लवचिकता पुष्कळदा कंपनीची असते: गर्दी असेल तेव्हा बोलावणार, नसेल तेव्हा तास कापणार. मुलाखतीतच विचारा: रोस्टर किती दिवस आधी मिळतं, पाळीची अदलाबदल आपसात चालते की मंजुरी लागते, नाईटची सक्ती आहे का, हमीचे तास किती.

चष्मिस
ट्रायजचं मान्य. पण क्लेमचं काय? पेशंटच्या बाजूने उभं राहायला शिकलो आणि तिथे बसून त्याचाच क्लेम नाकारायचा? त्याला नर्सिंग म्हणणं मला जड जातं, पाळी कितीही सोयीची असो.

रातराणी
नाकारायला डोळे लागतात तसे मंजूर करायलाही लागतात. नोटमध्ये "पेशंट स्टेबल" लिहिलंय आणि चार्टवर ऑक्सिजनचं प्रमाण पाळीगणिक वाढवलेलं आहे, ही विसंगती नर्सच पकडते. आणि खाटेपासून दूर म्हणजे पेशंटपासून दूर, हे गृहीतकच कच्चं आहे. क्रिमियाच्या युद्धाहून परतल्यावर नाइटिंगेलबाई स्वतः आजारी असायच्या. तरी १८५८ मध्ये आकृती काढून दाखवली की सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले. ते टेबलावरचंच काम होतं.

चष्मिस
बाईंना महिन्याला किती क्लेम नाकारले याचा हिशेब द्यावा लागत नव्हता. पण चार्टचं उदाहरण पटलं.

ब्रदर
@ओवी, हमीच्या तासांचं जरा सविस्तर लिहाल?

ओवी
करारात "गरजेनुसार" एवढंच असेल तर कॉल कमी त्या आठवड्यात पगारही कमी. आठवड्याचे किमान तास आकड्यात लिहून घ्या आणि ते भरले नाहीत तरी पैसे मिळतील का, तेही. वॉर्डातली ओळख पूर्ण तोडू नका, अधूनमधून एखादी पाळी मिळाली तर घ्या. हात बसलेला राहतो.

जुनी_इन्चार्ज
ती एखादी पाळी नाईट असली तर मला कळवा.