दूध संघाच्या आयव्हीआरसाठी पीआरआय कार्ड कोणतं घ्यावं?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. उत्पादकाने फोन लावून सभासद क्रमांक दाबला की दुधाचं फॅट, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) आणि दहा दिवसांचं बिल ऐकू यावं, अशी आयव्हीआरची सोय आमच्या दूध संघात करतोय. अ‍ॅस्टरिस्क हे फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर बसवलंय, मराठी आवाजही रेकॉर्ड झालाय. पीआरआय लाइन (एकाच जोडणीवर ३० कॉल) लवकरच येईल. ती लाइन कॉम्प्युटरला जोडणारं एका पोर्टचं ई-वन कार्ड सुचवा. बजेट २५ हजार, जुनं चालेल. सेटिंगही सांगा.

कोथरूडकर:
कार्डाच्या भानगडीत पडू नका, सरळ एसआयपी ट्रंक घ्या, म्हणजे इंटरनेटवरून चालणारी फोन लाइन. आमच्या ऑफिसात तेच आहे, एकदम मस्त चाललंय.

तारवाला:
गावात नेट गेलं की तुमची ट्रंक काय करणार? शिवाय आवाज दाबून लहान करणारा जी-७२९ सारखा कोडेक लागला आणि कळांचे सूर आवाजातूनच येत असले, तर १२३४ चे १२४ होतात. पीआरआयवर ६४ केबीपीएस, ए-लॉ, म्हणजे जी-७२९ सारखी काटछाट नाही. सूर जसाच्या तसा पोचतो.

कोथरूडकर:
त्यासाठीच आरएफसी २८३३ असतं हो, त्यात कळा आवाजातून न जाता वेगळ्या पाठवल्या जातात.

बॉस_७१:
हार्डवेअर इको कॅन्सलरवालं, म्हणजे प्रतिध्वनी कार्डावरच काढणारं, ४ पोर्टचं घ्या. आम्ही घेतलं तेव्हा लाखाच्या वर गेलं, पण आजवर तक्रार नाही.

वारणाकाठ:
साहेब, बजेट २५ हजार.

बॉस_७१:
स्वस्तात घेतलं की दोनदा घ्यावं लागतं.

तारवाला:
आधी मशीन उघडून स्लॉट बघा. जुनं पीसीआय कार्ड पीसीआय एक्स्प्रेसमध्ये बसत नाही. मग दाहदीच्या (कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या) सिस्टिम फाइलीत:
स्पॅन=१,१,०,सीसीएस,एचडीबी३,सीआरसी४
बी-चॅनल (आवाजाचे) १-१५ आणि १७-३१, डी-चॅनल (कॉल जोडण्या-तोडण्याच्या निरोपांचा) १६. (फाइलीत अर्थातच इंग्रजीत.)
स्पॅनमधला दुसरा १ महत्त्वाचा, घड्याळ, म्हणजे डेटाचा ताल, फोन कंपनीच्या लाइनवरून घ्यायचं. तिथे ० ठेवलं की ताल चुकून स्लिप होतात, आवाजात टिकटिक येते आणि चालू कॉल तुटतात. अ‍ॅस्टरिस्कमध्ये स्विचटाइप युरोआयएसडीएन, सिग्नलिंग पीआरआय-सीपीई (सीपीई म्हणजे ग्राहकाकडची बाजू). स्पॅन, म्हणजे ही लाइन, चालू होत नसेल तर सीआरसी४ (चुका तपासायची सोय) काढून बघा; लाइन लावायला येणाऱ्या माणसालाच विचारा, चालू आहे की बंद.

नेटकी_नेत्रा:
आमच्याकडे लाइनवाले म्हणत होते कार्ड खराब, कार्डवाले म्हणत होते लाइन खराब. त्यात आठवडा गेला. आरजे-४५ च्या पिना १ ला ४ आणि २ ला ५ जोडून लूप करा. कार्डाचा दिवा हिरवा झाला की कार्ड ठीक, मग निर्धास्त भांडा.

सह्याद्री_९:
एसआयपीच घ्या. वर सांगितलंच आहे.

वारणाकाठ:
सगळ्यांचे आभार. इको कॅन्सलर नसलेलं जुनं एक पोर्टचं पीसीआय कार्ड घेतलं, १४ हजारात. पलीकडून माणूस बोलतच नाही, फक्त रेकॉर्ड वाजतं, मग इको कुणाला ऐकू येणार?

तारवाला:
मशीनला ऐकू येतो ना! रेकॉर्ड वाजत असताना कळ दाबली की परत आलेला आवाज त्या सुरात मिसळतो. निदान सॉफ्टवेअरवाला इको कॅन्सलर एमजी-२ तरी चालू ठेवा.

वारणाकाठ:
ठेवतो. लूप लावला, दिवा हिरवा. अ‍ॅस्टरिस्क म्हणतंय की आपण सीपीई आणि समोरचाही सीपीई. हे बरोबर ना?

नेटकी_नेत्रा:
बरोबर. लूपमध्ये समोर तुमचंच कार्ड आहे.

बॉस_७१:
४ पोर्टचं घ्यायला हवं होतं.