शाश्वत विकासाची धोरणं: आधी मोजमाप, मग मंजुरी

मोजपट्टी (धागाकर्ती)

शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आणि त्यांखालची १६९ लक्ष्यं संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मान्य केली. मुदत २०३० ची. त्यांतली बहुतेक मुदतीत पूर्ण होतील अशी चिन्हं नाहीत. माझ्या मते एक मोठं कारण कामाच्या क्रमात आहे. आधी घोषणा होते, मग निधी सुटतो, आणि मोजमाप सगळ्यात शेवटी, तेही जमलं तर. काय मोजायचं, कोण मोजणार आणि आकडा कुठवर गेला की हात आखडायचा, एवढं लिहिलेलं नसेल तर ते धोरण मंजूरच होऊ नये.

ब्राझीलचं बघा. २००४ मध्ये तिथं ॲमेझॉनचं एका वर्षात सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल तुटलं. तोवर तोडीचा हिशेब वर्षातून एकदा लागायचा, म्हणजे झाडं पडून, जळून, त्या जागी गुरं चरायला लागल्यावर. त्याच वर्षी तिथल्या राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्थेनं 'डेटेर' ही उपग्रहावर आधारलेली इशारा यंत्रणा सुरू केली. नव्या तोडीची खबर थोड्या दिवसांत मिळू लागली आणि पथकं करवती चालू असतानाच पोचू लागली. २००८ पासून नियम न पाळणाऱ्यांचं शेतीकर्जही अडवलं गेलं. २०१२ मध्ये वार्षिक तोडीचा आकडा ४,६०० चौरस किलोमीटरच्या आसपास आला. चित्र, पथक आणि कर्ज एका साखळीत आल्यावर काय होतं ते यात दिसतं. असं इतर क्षेत्रांत का होऊ नये?

काठावरचा

ठाम असहमत. तुमचंच उदाहरण पुढं नेतो. उपग्रह होते, यंत्रणा होती, तीच संस्था होती. २०१९ मध्ये आकडे वाढलेले दिसताच राष्ट्राध्यक्षांनी ते खोटे ठरवले आणि संस्थेच्या संचालकांना पद सोडावं लागलं. २०२१ मध्ये वार्षिक तोड १३,००० चौरस किलोमीटरवर गेली. मोजमाप शाबूत होतं, फक्त मोजलेलं ऐकायची इच्छा संपली होती. आणखी एक. डेटेरला सुरुवातीला २५ हेक्टरपेक्षा लहान तुकडे नीट दिसत नसत. तोडणाऱ्यांनी मग लहान लहान तुकडे पाडले. जिथं नजर पोचते तिथून चोर सरकतोच.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. मोजणाऱ्याला आकड्याचा भरवसा फार लवकर वाटतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या कॉड माशाचं काय झालं? मासेमारीचा कोटा तिथं शास्त्रज्ञांच्या अंदाजावर ठरायचा, आणि त्या अंदाजात मोठ्या ट्रॉलरना, म्हणजे जाळं ओढत जाणाऱ्या बोटींना, किती मासे मिळतात याला वजन होतं. ट्रॉलरवर सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे शोधणारं उपकरण. मासा कमी झाला तसा तो उरलेल्या दाट थव्यांत गोळा झाला, आणि सोनार नेमका त्याच थव्यावर जाऊन पोचायचा. जाळं भरून येत राहिलं. कागदावर समुद्र भरलेला. त्याच वेळी काठाजवळ सापळे लावणारे छोटे मच्छीमार ओरडून सांगत होते की मासा येईनासा झालाय, आलाच तर बारका येतोय. १९८० च्या दशकात त्यांचं म्हणणं ऐकीव गोष्ट म्हणून बाजूला पडलं. २ जुलै १९९२ ला मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांची रोजी गेली. ती बंदी उठली थेट २०२४ मध्ये.

म्हणून विचारतो, तुमच्या धोरणात 'कोण मोजणार' या रकान्यात सापळेवाल्याचं नाव आहे का?

मोजपट्टी

आहे, असायलाच हवं. पण कॉडवरून विज्ञान नको असं कसं निघतं? ट्रॉलरचा आकडा तपासायला सापळ्याचा आकडा घ्यायला हवा होता. चूक अर्धवट मोजण्याची होती.

काठावरचा

'अर्धवट' हे नंतर कळतं. बंदीनंतर.

निळा कंदील

दोघांचं वाचलं. मी पाणी तपासणीच्या कामात आहे, त्यामुळे बांगलादेशातल्या कूपनलिकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तळ्या-डबक्यांच्या पाण्यानं मुलं जुलाबानं दगावत होती. म्हणून १९७० च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला, तंत्र स्वस्त, आणि तपासणीही होती, पण ती मुख्यतः जंतूंची. नळ्या पोचल्या त्या थरातल्या विषारी आर्सेनिकसाठी पाणी तपासायची तेव्हा रीत नव्हती. १९९३ मध्ये तिथं आर्सेनिक असल्याची खात्री झाली आणि पुढं कोट्यवधी लोक ते पाणी पीत असल्याचं उघड झालं. धागाकर्तीच्या तिन्ही अटी त्या योजनेनं कदाचित पूर्ण केल्या असत्या. मोजायच्या यादीतच जे नाही, ते कसं मोजणार?

आणि तरीही मी विज्ञानाच्या बाजूनं आहे. कारण उपाय पुन्हा तपासणीतूनच आला. बाटलीत पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात रसायनाच्या पुड्या टाकायच्या, झाकणात कागदाची पट्टी अडकवायची आणि थांबायचं. पट्टी पांढरी राहिली तर बरं, पिवळी होऊन तपकिरीकडं झुकली तर पाणी वाईट. मग नळीच्या तोंडाला रंग द्यायचा, सुरक्षित असेल तर हिरवा, नसेल तर लाल. अक्षर न येणाऱ्या बाईलाही तो वाचता येतो. लाल नळीवरच्या पुष्कळ कुटुंबांनी पाणी बदललं, विशेषतः हिरवी नळी चालत जाण्याच्या अंतरावर होती तिथं. पण रंग उडतो. नव्या नळ्या तपासणीविना खोदल्या जातात. रंगाचा डबा घेऊन दुसऱ्यांदा जायचा खर्च कुठल्या रकान्यात धरायचा, यावर धोरण गप्प असतं.

मोजपट्टी

निळा कंदील, हे मनापासून पटलं. माझी मांडणी बदलते. यादी उघडी हवी आणि ठरलेल्या मुदतीनं ती पुन्हा तपासायला हवी. ओझोनचा थर वाचवायचा करार म्हणूनच मला मोलाचा वाटतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावरच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ओझोनची घट जाहीर केली, तीही जमिनीवरच्या जुन्या धाटणीच्या उपकरणानं. उपग्रहाच्या नोंदींत इतके कमी आकडे शंकास्पद म्हणून खूण होऊन पडले होते. १९८७ चा माँट्रियल करार सुरुवातीला तोकडाच होता, मुख्य सीएफसी, म्हणजे ओझोन खाणारे कारखान्यांतले वायू, निम्म्यावर आणण्यापुरता. पण शास्त्रीय आढावा ठराविक काळानं घ्यायचा हे करारातच होतं, त्यामुळे १९९० आणि १९९२ मध्ये तो कडक करता आला. आधी कमी कळलं होतं, ही अडचण त्यानं गृहीतच धरली होती.

काठावरचा

ओझोनच्या बाबतीत सीएफसी बनवणारे कारखाने मोजके होते आणि पर्याय सापडले. गरीब देशांना बदलाचा खर्च द्यायला १९९० मध्ये वेगळा निधी मान्य झाला, हे तुम्ही गाळलंत. माझ्या मते तो निधी नसता तर शास्त्रीय आढावे कपाटात राहिले असते. शिवाय पर्याय म्हणून आलेले एचएफसी वायू पृथ्वी तापवतात, म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत करारासाठी पुन्हा बसावं लागलं.

पाणवठा

तंत्रज्ञानाबद्दल थोडं. ठिबक आलं की पाणी वाचतं, असं धोरणात सर्रास लिहितात. शेताच्या कडेला उभं राहून बघा. पाटानं दिलेल्या पाण्यातलं बरंच मुरून खाली जायचं आणि दुसऱ्याच्या विहिरीत यायचं. ठिबकनं ते मुरणं थांबतं. वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी क्षेत्र भिजवतो, किंवा जास्त पाण्याचं पीक घेतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, पण खोऱ्यातला एकूण वापर वाढू शकतो. आधी उपशाची मर्यादा आणि मग ठिबक, हाच क्रम हवा.

मर्यादा घालायला मोजमाप लागतंच, ही मोजपट्टींची बाजू खरी. २००२ मध्ये सोडलेले ग्रेस उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटरवर उडायचे, आणि त्या अंतरातल्या अतिसूक्ष्म बदलांवरून जमिनीखालचं पाणी किती घटलं याचा अंदाज येई. पण तो फार मोठ्या प्रदेशाचा. पाणी कुणाच्या विहिरीतून गेलं हे त्यांना दिसत नव्हतं. ते विहिरीत दोरी सोडून पातळी मोजणाऱ्यालाच सांगता येतं, आणि ते लिहून ठेवलं की शेजाऱ्याशी वाईटपणा येतो. त्या माणसाच्या पाठीशी कोण उभं राहणार?

मोजपट्टी

याचं तयार उत्तर माझ्याकडं नाही. दोरी सोडणाऱ्याची नोंद सगळ्यांना दिसेल अशी लावली तर एकट्यावर रोष येणार नाही, असं वाटतं. काठावरचा, तुमच्या सापळेवाल्यांनी आकडे फलकावर लिहिले असते तर कुणी वाचले असते?

काठावरचा

शेजारच्या होडीवाल्यांनी नक्की वाचले असते. कोटा ठरवणाऱ्या खोलीत ते वाचावेच लागतील अशी अट तुमच्या धोरणात घाला, मग माझा विरोध मागे.